अॅनिमे बघून मुलगा रडतो, मोबाईल काढून घेऊ का?

हा प्रश्न हल्ली बरेच पालक विचारतात आणि त्यांची काळजी खरी असते. एक बाबा माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते, म्हणाले, "मॅडम, 17 वर्षांचा मुलगा, बारावीचं वर्ष, रात्री दोन वाजता जपानी कार्टून बघत हुंदके देतोय, बॅडमिंटन पण सोडलंय, हे त्या कार्टूनमुळेच ना?" त्याच मुलाची गोष्ट सांगते. त्याची आणि घरच्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पहिल्यांदा आला तेव्हा मान खाली, उत्तरं "हं" नाहीतर "माहीत नाही". बॅडमिंटनचा विषय काढला की एकदम गप्प. मग विचारलं काय बघतोस, तर म्हणाला चिहायाफुरू, त्यात करुता नावाचा जपानी कार्डांचा खेळ खेळतात. म्हटलं मला येत नाही, नियम सांग, आणि मग जो बोलत सुटला! 100 जुन्या कविता पाठ पाहिजेत, त्यांच्या 100 कार्डांतली 50 जमिनीवर, प्रत्येकाकडे 25, जागा लक्षात ठेवायला 15 मिनिटं, वाचणाऱ्याने कवितेची सुरुवात केली की पहिल्या काही अक्षरांवरच कार्ड ओळखून हात मारायचा. आणि जी 50 कार्डं मांडलेलीच नाहीत त्यांच्याही कविता वाचतात, तिथे चुकून हात पडला की फॉल्ट. सांगताना त्याचे हात माझ्या टेबलावर चालत होते. बाबा बाजूलाच बसलेले, मुलाला इतकं बोलताना त्यांनी कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं.

मला ही सिरीज त्यानंतर बघावीशी वाटली आणि बघितली. यात व्हिलन कोणी नाही, समोरचा हरतो तेव्हा त्याच्या मनात काय चाललंय तेही आपल्याला ऐकू येतं. चिहाया, ताइची आणि अराता हे लहानपणचे तिघं मित्र, ताइचीला चिहाया आवडते, पण तिचं लक्ष करुतावर आणि ज्याने तिला ते शिकवलं त्या अरातावर. 2019 मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या सीझनमध्ये ताइची तिला मनातलं सांगतो, ती सॉरी म्हणते आणि तो करुता क्लब सोडतो. या मुलाचंही बाहेरून तेच दिसत होतं. बॅडमिंटन क्लबमधल्या मैत्रिणीला मनातलं सांगितलं, ती नाही म्हणाली, पुढच्या स्पर्धेत पहिल्याच राउंडला बाहेर, मग रॅकेट माळ्यावर. हे कळल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे प्रेमभंग, होईल हळूहळू ठीक."

पण मी अशा मुलांना नेहमी विचारते की नेमक्या कुठल्या सीनला रडू येतं, कारण मूल अख्ख्या सिरीजवर रडत नसतं, कुठेतरी स्वतःचं काहीतरी सापडलेलं असतं. तो म्हणाला, "चष्म्याचा." तो सीन तर पहिल्या सीझनच्या सुरुवातीचा आहे! शाळेतली स्पर्धा, ताइचीची आई बघायला आलेली, तिला मुलगा जिंकलेलाच हवा असतो, म्हणून ताइची अराताचा चष्मा लपवतो. अराताला कार्डंच नीट दिसत नाहीत, मग चिहाया त्याच्या जागी बसते आणि जिंकते.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग सांगितलं की सिलेक्शन ट्रायलची वेळ बदलल्याचा मेसेज सरांनी ग्रुपवर टाकला होता, एक मुलगा त्या ग्रुपमध्ये नव्हता, त्याला कळवायचं काम याच्याकडे होतं आणि याने मुद्दाम कळवलं नाही. तो मुलगा उशिरा पोचला, ट्रायल हुकली. हे कोणालाच माहीत नव्हतं. याने मनात हिशोब मांडला होता की मी असा वागलो म्हणून हरलो, म्हणून तीही नाही म्हणाली, मला हेच मिळायला हवं.

मग आम्ही तीन गोष्टी तीन वेगळ्या कागदांवर लिहिल्या. मैत्रिणीचा नकार हा तिचा निर्णय, तिला त्या मेसेजचं काही माहीतही नव्हतं. मॅच हरला कारण रात्ररात्र झोप नव्हती आणि समोरचा चांगला खेळला. तिसरा कागद मात्र त्याचाच होता, तिथे मी "जाऊ दे रे" म्हटलं नाही, कारण ते खरंच चुकलं होतं आणि त्याला ते कळत होतं. काय करायचं ते त्यानेच ठरवलं, त्या मुलाला जाऊन भेटला आणि सांगितलं. तो मुलगा भडकला, साहजिक आहे, चार शब्द सुनावले. पण हा त्या रात्री झोपला.

बाबांना मी सांगितलं की मोबाईल काढून घेऊ नका, फक्त रात्री अकरानंतर सगळ्यांचे फोन हॉलमध्ये, तुमचाही. आणि एखादा एपिसोड त्याच्याशेजारी बसून बघा, मध्ये लेक्चर न देता. रडणं म्हणजे आजार नव्हे. पण मूल जेवेनासं झालं, मित्रांना टाळायला लागलं, आवडीची सिरीजसुद्धा नकोशी झाली तर दाखवायला न्या, आणि जगण्यात अर्थ नाही असं बोललं तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

आता तो शनिवार-रविवार खेळायला जातो. मैत्रीण पूर्वीसारखी बोलत नाही, ते दुखतंय अजून, त्यावर आमचं बोलणं चालू आहे.