वावर विकू नका, मुदत गेलेली नाही

प्रश्न : आम्ही आरमोरी तालुक्यातले. घातपाताच्या कटात सामील असल्याबद्दल माझ्या भावाला यूएपीए (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा) खाली 10 वर्षांची शिक्षा झाली. तो नागपूर मध्यवर्ती कारागृहात आहे. निकालाला 52 दिवस झाले. ओळखीचा एक माणूस म्हणतो, 30 दिवसांची मुदत संपली, आता वरून काम करावे लागेल, खर्च मोठा आहे. बाबा दोन एकर वावर विकायला निघालेत. स्फोट तर झालाच नव्हता, मग शिक्षा कशी?

उत्तर : ताई, आधी बाबांना थांबवा. ‘वरून काम’ करणाऱ्याचा या कामाशी काडीचा संबंध नाही. आमच्या कोर्टाच्या आवारात अशी माणसे रोज दिसतात, आणि ती नेमकी निकालानंतरच भेटतात.

यूएपीएच्या खटल्यांतील अपिलांना लागू होणाऱ्या एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) कायद्याच्या कलम 21 प्रमाणे अपिलाची मुदत 30 दिवसांची आहे, हे खरे. पण उशिराचे सबळ कारण दिले तर उच्च न्यायालय 90 दिवसांपर्यंत अपील घेते. म्हणजे तुमच्या हातात 38 दिवस आहेत. 90 दिवसांनंतरचा उशीरही माफ होऊ शकतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटले आहे. त्या भरवशावर मात्र राहू नका. अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज लागतो. त्यात खरे तेच लिहा : पैसा नव्हता, माहिती नव्हती, चुकीचा सल्ला मिळाला.

स्फोट झाला नाही, हा मुद्दा एकटा पुरणार नाही. यूएपीएच्या कलम 18 मध्ये नुसता कट किंवा तयारी हाच गुन्हा आहे; शिक्षा किमान 5 वर्षे, कमाल जन्मठेप. वकिलाला दुसरेच पाहायला सांगा : खटला चालवायला त्याच कायद्याच्या कलम 45 ची सरकारी मंजुरी होती का, कोणी आणि कधी दिली? गडचिरोली सत्र न्यायालयाने 2017 मध्ये दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक जी. एन. साईबाबा आणि इतरांना यूएपीएखालीच दोषी ठरवले होते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2024 मध्ये त्यांना निर्दोष सोडले, तेव्हा मंजुरी आणि जप्तीचा पुरावा हेच कळीचे मुद्दे होते. तुमच्याही प्रकरणात तसेच होईल, असे मी म्हणत नाही. निकालपत्र वाचल्याशिवाय कोणीच म्हणू नये.

वकिलासाठी पैसे लागणार नाहीत. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा, किंवा भावालाच तुरुंग अधीक्षकांमार्फत अर्ज करू द्या. निकालपत्राची प्रतही त्याला फुकट मिळालेली असणार. भेटीला जाल तेव्हा मागून घ्या. खटला चालू असताना त्याने तुरुंगात काढलेले दिवस शिक्षेतून वजा झाले का, तेही त्यात पाहा.

आणि वकालतनाम्यावर सही भावाचीच लागते, अधीक्षकांसमोर केलेली. बाबांची चालत नाही.