उडवताना अचानक पाऊस आला तर ड्रोन खराब होतो का? आधीपासून काय काळजी घ्यावी?

चार थेंब पडले म्हणून लगेच काही होत नाही, पण भरवसा ठेवू नका. बहुतेक हौशी ड्रोनना आयपी रेटिंगच (धूळ आणि पाण्यापासून किती बचाव होतो ते दोन आकड्यांत सांगणारं मानांकन) नसतं. असलंच तर त्यातला दुसरा आकडा बघा, पाण्याचा तो. ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेली) मोटर ओली झाली तरी बहुधा फिरत राहते (बेअरिंग मात्र नंतर गंजतात). खरा धोका आतल्या सर्किट बोर्डला, गिंबलला (कॅमेरा स्थिर धरणारा भाग) आणि बॅटरीच्या पिनांना. वर थंड हवेसाठी ठेवलेल्या फटींतून पाणी आत जातं ते वेगळंच. ढगात किंवा दाट धुक्यात उडवणं म्हणजेही भिजवणंच.

सर्किटवर सिलिकॉनचं कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओल अडवणारा पातळ थर, लावता येतं. बॅरोमीटर (हवेच्या दाबावरून उंची ओळखणारा सेन्सर), कनेक्टर आणि कॅमेरा तेवढा वगळायचा. बॅरोमीटरचं भोक बुजलं की उंचीचा अंदाज चुकतो. खोलून लावलंत तर वॉरंटीवर पाणी सोडा. स्वतः बनवलेलं प्लॅस्टिकचं आवरण मला पटत नाही: वजन वाढतं, मोटर आणि बोर्ड तापतात.

भिजलाच तर चालू करून बघायचा मोह टाळा. आधी बॅटरी काढा. खारं पाणी असेल तर बॅटरी काढलेला ड्रोन डिस्टिल्ड पाण्याने धुवा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळू द्या. तांदळात पुरून उपयोग नाही, वर पीठ आत जातं. पाण्यात बुडालेली लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, ती पेट घेऊ शकते.