६० जणांच्या एमएसडब्ल्यू वर्गात क्षेत्रकार्याचं पर्यवेक्षण कसं निभवायचं?

मॅडम, एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला ६० मुलं, त्यातली २२ क्षेत्रकार्यासाठी (वस्तीत किंवा संस्थेत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम) तुमच्या एकटीच्या वाट्याला, आणि वर्गात चर्चा काही रंगत नाही, असं तुम्ही लिहिलंय. वर्गाची चिंता सध्या बाजूला ठेवा. संशोधन पद्धती ६० जणांनाही शिकवता येते. गर्दीनं खरी मोडते ती आयसी, म्हणजे पर्यवेक्षकानं एकेका विद्यार्थ्याशी करायची वैयक्तिक चर्चा. मुलगा वस्तीत काय बोलला, कुठे अडला, कुठे घाबरला हे त्याच्याशी एकट्याशी बोलल्याशिवाय कळत नाही.

हिशेब मांडून बघा. दर आठवड्याला प्रत्येकाला अर्धा तास म्हटलं तर ११ तास. आठवड्यात क्षेत्रकार्याचे दोन दिवस, म्हणजे ४४ अहवाल. दहा मिनिटांत एक वाचला तरी आणखी सात तास. हे होत नाही, मग पर्यवेक्षक अहवालावर ‘पाहिले’ लिहून सही ठोकतात, आणि मुलांना ते महिन्याभरात कळतं. पुढचे अहवाल एकमेकांचे बघून लिहिलेले असतात. आता तर मोबाइलच लिहून देतो.

म्हणून आयसी पंधरवड्याला करा, पण २० मिनिटं पूर्ण द्या. एका आठवड्यात ११ जण. उरलेल्या ११ जणांचे दोन गट करून त्याच आठवड्यात दीड-दीड तासाची जीसी, म्हणजे गटचर्चा. सगळं मिळून सात तासांच्या आत बसतं. जीसीत सगळ्यांनी ‘मी काय केलं’ सांगत बसायचं नाही. एकानंच एक प्रसंग मांडायचा, बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला शेवटच्या दहा मिनिटांत. पहिले दोन-तीन आठवडे सगळे सल्लेच देतील. थांबवत राहा.

अहवालांचंही तसंच. दिवसाचा वृत्तांत एका पानात पुरे. त्याशिवाय आठवड्यातून एकदा, एकाच संभाषणाची पंधरा मिनिटं शब्दशः लिहायला लावा: समोरची व्यक्ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, मला आत काय वाटलं. तुम्ही बारकाईनं वाचायचं ते एवढंच. आयसीत सहज विचारा, त्या वेळी घरात आणखी कोण होतं? दार उघडं होतं का? जो गेलाय तो पटकन सांगतो. आणि ज्याच्या अहवालात सगळं सुरळीत चाललंय, त्याला आधी बोलवा. रडत येणारी मुलगी बहुधा शिकत असते.

संस्थेत चार-पाच मुलं एकत्र पाठवू नका. तिथले लोकही माणसंच आहेत. एवढ्यांना काय काम द्यावं ते सुचत नाही, मग सर्वेक्षणाचे फॉर्म किंवा कार्यक्रमाच्या खुर्च्या. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलापुढे जनआरोग्य योजनेच्या कागदांसाठी रांग असते, तिथे दोनच मुलं द्या. (रेशन कार्डावर नाव का नाही, हे रांगेतल्या बाईला नीट विचारता आलं तर तो फॉर्मसुद्धा व्यक्तिसहाय्य कार्यच, म्हणजे केसवर्कच.)

वर्गातल्या ६० जणांसाठी मात्र तिघातिघांचे गट करा: एक कार्यकर्ता, एक मदत मागणारा, एक निरीक्षक, दहा मिनिटांनी भूमिका बदलायच्या. गोंगाट होईल, व्हरांडा वापरा. शेजारच्या प्राध्यापकांना आधी सांगून ठेवा.

मोठ्या वर्गातला एक धोका कुणी फारसा बोलत नाही. जिल्ह्याच्या गावी ६० जणांपुढे केस मांडली की त्या वस्तीतलं, नात्यातलं कुणीतरी समोर बसलेलं असतं. नाव बदलून भागत नाही. गल्ली, धंदा, मुलांची संख्याही बदला. बालगृहातल्या किंवा निरीक्षणगृहातल्या मुलांच्या केसेस पूर्ण वर्गात आणूच नका. २०१५च्या बालन्याय कायद्याचं कलम ७४ बालकाची ओळख उघड करायला मनाई करतं, आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलेला फोटो परत घेता येत नाही.

हे सगळं २२ जणांपर्यंत ताणता येतं, ३० झाले की नाही. नर्सिंगला परिषद आहे, वकिलीला बार कौन्सिल आहे. सगळ्या समाजकार्य शिक्षणाला लागू होईल अशी वैधानिक परिषद आपल्याकडे अजून नाही, त्यामुळे ‘एवढेच विद्यार्थी घ्या’ असं बजावणारं बाहेरचं कुणी तुमच्या बाजूनं उभं राहणार नाही. वरचा हिशेब एका कागदावर मांडून विभागप्रमुखांना जुलैतच द्या आणि आवक क्रमांक घ्या. वेळापत्रकात आयसीचे तास वेगळे दाखवायला सांगा. एकदा तिथे आले की त्या वेळेत कुणी तुम्हाला परीक्षेच्या कामाला सहसा ओढत नाही.