वाचक विचारतात: शाळेतल्या वन्यजीव किटचं करायचं काय?

प्रश्न: आमच्या जिल्हा परिषद शाळेला एका संस्थेकडून वन्यजीव संशोधनाचं किट मिळालं. वाघ-बिबट्याच्या पंजांचे साचे, प्राण्यांची कार्डं, एक दुर्बीण आणि कॅमेरा ट्रॅपचं, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचं, प्लास्टिकचं मॉडेल. पोरं दोन दिवस खेळली आणि आता पेटी कपाटावर पडून आहे. पाचवी ते सातवीचा वर्ग आहे, आमच्याकडं वाघ कुठला, समोर समुद्र. पुढं काय करू?
(शिक्षिका, गुहागर तालुका)

उत्तर: बाई, पोरांचं काही चुकलं नाही हो. साचा मातीत दाबला, वाघाचा पंजा उठला, संपलं की. त्यात शोधायला काय राहिलं? संशोधन म्हणजे उत्तर आधी माहीत नसणं, आणि पेटीतल्या बहुतेक गोष्टींचं उत्तर पेटीवरच छापलेलं असतं.

तेव्हा पेटी जरा बाजूला ठेवा आणि बरणीभर चिंचोके आणा. मोजायचे नाहीत, हे पक्कं. एका पोराला त्यातले 40 काढायला सांगा, प्रत्येकावर नेलपॉलिशचा ठिपका, वाळले की परत बरणीत टाकून खळखळून हलवायचं. मग डोळे मिटून 50 काढा. समजा त्यात 10 ठिपकेवाले निघाले, म्हणजे पाचात एक, तर सगळ्या बरणीतही पाचात एकच धरायचा: 40 गुणिले 50 भागिले 10, म्हणजे बरणीत साधारण 200 चिंचोके. जंगलात किंवा समुद्रात ज्यांना एकेक करून मोजता येत नाही त्यांचा अंदाज असाच काढतात, वाघाला तर ठिपका पण लावावा लागत नाही, प्रत्येकाचे पट्टे वेगळे म्हणून कॅमेऱ्यातले फोटो जुळवले की काम झालं.

प्रत्येक गटाला हे करू द्या, कोणाचं 170 येईल, कोणाचं 240, भांडणं होतील आणि तीच खरी मजा आहे. शेवटी बरणी ओतून खरी मोजणी करा. मग पुढच्या वेळी गुपचूप काही ठिपके रिमूव्हरने पुसून ठेवा आणि उत्तर फुगलं की का फुगलं ते पोरांनाच शोधू दे, कारण खऱ्या प्राण्यांचे टॅग पण गळून पडतात. न हलवता वरवरचे काढले तर काय होतं ते पण करून बघा.

आता हे तुमच्या किनाऱ्याला जोडा. 2021 मध्ये ओडिशात वल्ह्यासारख्या पायाला टॅग लावलेली ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची एक मादी जानेवारी 2025 मध्ये थेट गुहागरला अंडी घालायला आली! तोवर पूर्वेची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी असंच बरेच जण धरून चालायचे. एक ठिपकेवाला चिंचोका दुसऱ्याच बरणीत सापडला असं पोरांना सांगा, लगेच कळेल की यात एवढं काय विशेष ते. 2022 मध्ये वेळासच्या ‘प्रथमा’ला आणि आंजर्ल्याच्या ‘सावनी’ला सॅटेलाइट ट्रान्समीटर लावले होते, पुढच्या वर्षी गुहागरच्या ‘बागेश्री’ला. ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. भिंतीवर नकाशा लावून सुतळीने तिचा रस्ता मोजायला लावा, भूगोलाचा तास पण त्यातच निघतो.

अजून एक गंमत करा. पिंगपाँगचा बॉल साधारण कासवाच्या अंड्याएवढा असतो. अंगणात वाळूचा ढीग करून दीड फूट खड्डा खणा, त्यात बॉल ठेवा, वरच्या बाजूला पेन्सिलने खूण. मग ते बॉल न फिरवता, खूण वरच ठेवून, दुसऱ्या खड्ड्यात हलवायचे. दोनचार बॉल उलटे होणारच. अंडं हलवताना फिरलं तर आतला जीव दगावू शकतो, म्हणून कासवमित्र, म्हणजे किनाऱ्यावर कासवांची अंडी राखणारे गावकरी, अंडी लगेच आणि एवढी जपून हॅचरीत, म्हणजे कुंपण घातलेल्या सुरक्षित वाळूत, का नेतात ते पोरांना हाताने कळतं. थर्मामीटर असेल तर एक उन्हातल्या वाळूत, एक सावलीतल्या वाळूत, सारख्याच खोलीवर ठेवा आणि रोज नोंद करा. वाळू जास्त तापली की पिल्लांत माद्या जास्त होतात, हे सातवीला सांगून बघा, प्रश्न थांबणार नाहीत.

तुमच्या भागातल्या कासवमित्राला एक दिवस वर्गात बोलवा. रात्री मुलांना घेऊन परस्पर किनाऱ्यावर मात्र जाऊ नका, मोबाईलच्या उजेडाने मादी अंडी न घालता परत फिरू शकते. वन विभागाला विचारून सकाळी जा, माग बघा, टेप लावून रुंदी मोजा.

आणि हो, दुर्बीण कपाटातून काढा. पेटीतली तेवढी एकच वस्तू मला खरंच आवडली.

प्रश्न: आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर गव्हाणी घुबड राहतं, खाली केसांच्या काळ्या गोळ्या पडतात. आठवीतल्या मुलीला त्या फोडून बघायच्यात, सासूबाई म्हणतात अशुभ. करू देऊ का?
(रत्नागिरी)

उत्तर: बिनधास्त करू द्या, सासूबाईंना सांगा की ते घुबड तुमच्या तांदळावरचे उंदीर खातंय. ती विष्ठा नाही, न पचलेले केस आणि हाडं घुबड तोंडावाटे बाहेर टाकतं. हातमोजे घालून उचला, फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये नीट तापवा, मग कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवा. पुढं दोन मोठे दात आणि मागं मोकळी जागा असेल तर उंदीर, टोकदार दातांची सलग रांग असेल तर चिचुंद्री. खालच्या जबड्याचे डावे-उजवे तुकडे वेगळे मोजा, जो आकडा मोठा तितके तरी प्राणी नक्की. शेवटी साबणाने हात धुवा, आणि माळ्यावर चढून घरटं बघायचं नाही.

प्रश्न: प्रोजेक्टसाठी मुलं शंख, पिसं, घरटी गोळा करतात. चालेल का?
(देवगड)

उत्तर: घरटी आणि अंडी नकोच. काही शंखांना आणि बऱ्याच पक्ष्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि कुठला शंख त्यात येतो हे पोरांना कसं कळणार? पट्टी शेजारी ठेवून फोटो काढायचा, तारीख, जागा, भरती की ओहोटी ते लिहायचं आणि वस्तू तिथेच ठेवायची. शंखात एखादा खेकडा राहत असेल तर त्याचं घरही वाचेल.