फिडरचं कोडं संगणकाला घालण्याआधी

फोंडा, गोवा

सप्रेम नमस्कार,

तुझं पत्र मिळालं. प्रोजेक्टसाठी फिडर रीकॉन्फिगरेशन, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या वीजवाहिन्यांची (फिडरांची) जोडणी बदलून लॉस कमी करणं, घेतलंस, फार बरं केलंस. आपल्याकडे एका अंगाला कळंगुट-कांदोळीची हॉटेलं रात्री जागी असतात. दुसऱ्या अंगाला वेर्णे-कुंडईच्या कारखान्यांचा लोड दिवसभर चालू असतो. शिवाय सत्तरी-काणकोणच्या वाड्यांपर्यंत रान तुडवत गेलेल्या लांबलचक ११ केव्ही लाईनी आहेत. कुठला टाय (दोन फिडरांना जोडू शकणारा दुवा) जोडायचा आणि कुठला उघडा ठेवायचा, यावर किती वीज तारांतच जळून जाणार ते ठरतं.

उत्तर शोधायला जेनेटिक अल्गोरिदम (पर्यायांचा संकर करत पिढ्यागणिक सुधारणारा) घ्यावा, पार्टिकल स्वॉर्म (पर्यायांचा थवा हलवणारा) घ्यावा की लांडग्या-देवमाशांच्या नावाची एखादी नवी पद्धत, असं तू पहिल्याच ओळीत विचारलं आहेस. त्या प्रश्नाला माझ्या लेखी शेवटचं स्थान आहे. पद्धत कुठलीही घे, तिच्यासमोर ठेवलेला प्रत्येक पर्याय खरा फिडर आहे की नाही हे तुझ्या प्रोग्रामला ओळखता येत नसेल, तर उत्तर खोटंच येणार.

आधी शब्दांचं बोलू. लाईनमन 'स्विच बंद केला' म्हणतो तेव्हा लाईट गेलेली असते. पुस्तकातला 'क्लोज्ड' म्हणजे नेमका उलटा, जोडलेला. तुझ्या वहीत, कोडमध्ये आणि रिपोर्टमध्ये 'जोडलेला' आणि 'उघडा' हे दोनच शब्द ठेव. 'बंद' हा शब्द लिहूच नकोस. या एका शब्दापायी अख्खा तक्ता उलटा भरला जातो आणि ते महिनाभर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

सरावासाठी ३३ बसचं नेटवर्क घे. बस म्हणजे तारा मिळतात तो बिंदू, शाखा म्हणजे दोन बसमधली तार. बारन आणि वू यांनी १९८९ साली मांडलेलं, १२.६६ केव्हीचं. त्यात ३७ शाखा आहेत, त्यांपैकी ३३ ते ३७ या पाच टाय म्हणून उघड्या. एकूण लोड ३७१५ किलोवॅट आणि २३०० केव्हीएआर (रिअॅक्टिव्ह). तुझा लोड फ्लो (तारांतले प्रवाह आणि बसचं व्होल्टेज काढणारं गणित) बरोबर असेल तर मूळ रचनेत लॉस, म्हणजे तारांत जळणारी वीज, २०२.६७ किलोवॅट येईल आणि १८ नंबरच्या बसवर सर्वांत कमी व्होल्टेज ०.९१३१ पर युनिट (मूळ व्होल्टेजच्या ०.९१३१ पट) दिसेल. हे दोन आकडे जुळल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नकोस. लोड फ्लोसाठी बॅकवर्ड-फॉरवर्ड स्वीप वापर: टोकाकडून मागे येत प्रवाह बेरजायचे, मग पुढे जात व्होल्टेज काढायचं. वितरणाच्या तारांत रेझिस्टन्सचं (वीज जाळणाऱ्या विरोधाचं) रिअॅक्टन्सशी (वीज न जाळणाऱ्या विरोधाशी) प्रमाण मोठं असतं, म्हणून ट्रान्समिशनमधली फास्ट डिकपल्ड पद्धत इथे अडखळते. स्वीप पाच-सहा फेऱ्यांत स्थिरावतो. वीस फेऱ्या लागल्या तर दोष बहुधा डेटात असतो: एखाद्या शाखेचं टोक चुकलेलं, नाहीतर किलोवॅटच्या जागी वॅट.

आता कोडं केवढं आहे ते मोजू. ३७ शाखांतल्या पाच उघड्या ठेवायच्या, त्याचे ४,३५,८९७ प्रकार होतात. त्यातले रेडियल, म्हणजे कुठेही लूप नाही आणि एकही बस अंधारात नाही असे, फक्त ५०,७५१. हा आकडा माझ्या शब्दावर घेऊ नकोस, स्वतः काढ. नेटवर्कचे पाच लूप मांड, त्यांत ११, ७, ७, १० आणि १६ शाखा येतील. ५ × ५ मॅट्रिक्सच्या कर्णावर हे आकडे ठेव. दोन लूपांत जितक्या शाखा सामाईक, तितका ऋण आकडा त्यांच्या चौकटीत भर. या ५ × ५ मॅट्रिक्सचा डिटरमिनंट ५०,७५१ येतो. कागद-पेन्सिलीने अर्ध्या तासाचं काम आहे.

म्हणजे डोळे मिटून निवडलेल्या दर शंभर पर्यायांपैकी अठ्ठ्याऐंशी बाद. जेनेटिक अल्गोरिदमला ३७ बिटांचं गुणसूत्र (एका पर्यायाची सांकेतिक नोंद) दिलंस तर त्याचा सगळा वेळ हा कचरा चाळण्यात जाईल. म्हणून प्रत्येक लूपमधून एक शाखा उघडायची, असं पाच जागांचं गुणसूत्र कर. पर्याय ८६,२४० वर येतात. पण तेवढ्याने काम भागत नाही, आणि नेमकं इथेच बहुतेकांचं चुकतं.

६ आणि ७ नंबरच्या शाखा दोन लूपांत सामाईक आहेत, आणि या दोघींच्या मध्ये ७ नंबरची बस आहे. एका पालकाने दहा शाखांच्या लूपमधून ७ उघडली आहे, दुसऱ्याने सोळा शाखांच्या लूपमधून ६. दोघेही आपापल्या जागी निर्दोष आहेत. क्रॉसओव्हर (दोघांच्या जागांची अदलाबदल) झाला, अपत्यात ६ आणि ७ दोन्ही उघडल्या, आणि ७ नंबरची बस दोन्हीकडून तुटली. तिच्यावर २०० किलोवॅट लोड आहे. तुझा स्वीप फक्त जिथवर तार पोचते तिथवरच चालत असेल, तर त्याला ही बस दिसणारच नाही. २०० किलोवॅट वाहून न्यायचेच नाहीत म्हटल्यावर लॉस झकास कमी येईल आणि अल्गोरिदम त्या अपत्याला सर्वोत्तम ठरवेल. प्रत्यक्षात एका वाडीतले दिवे घालवून ती बचत झालेली असेल. उपाय साधा आहे. लोड फ्लोच्या आधी बस १ पासून सुरुवात करून जोडलेल्या शाखांवरून चालत जा आणि पोचलेल्या बस मोज. ३३ भरल्या आणि जोडलेल्या शाखा ३२ असल्या, तर रचना रेडियल. एक जरी कमी पडली तर तो पर्याय दुरुस्त कर किंवा टाकून दे, पण त्याचा लॉस काढू नकोस.

यानंतर मोठ्या पद्धतींकडे धावण्याआधी जुने ठोकताळे हाताने करून बघ. ह्युरिस्टिकला मी ठोकताळाच म्हणतो. सुताराचा असतो तसा: पुराव्याने सिद्ध केलेला नसतो, पण लाकूड कुठे चिरेल ते बरोबर सांगतो.

सिवनलार आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेली ब्रँच एक्स्चेंजची युक्ती अशी. एक टाय जोडायचा, त्याच लूपमधली शेजारची एक शाखा उघडायची, म्हणजे थोडा लोड एका फिडरवरून दुसऱ्यावर जातो. दर फेजचा लॉस किती बदलेल? लूपचा रेझिस्टन्स गुणिले हलवलेल्या प्रवाहाचा वर्ग, त्यातून वजा दोन गुणिले प्रवाह गुणिले टायच्या दोन टोकांच्या ड्रॉपमधला (तारेत घटलेल्या व्होल्टेजमधला) फरक. समज लूपचा रेझिस्टन्स ४ ओहम, म्हणजे साधारण सव्वासात किलोमीटर रॅबिट कंडक्टर (तारेचा एक प्रकार), आणि ड्रॉपमधला फरक १०० व्होल्ट. २० अँपियर हलवले तर १६०० वजा ४०००, फेजला २४०० वॅट वाचले, तिन्ही फेज मिळून ७.२ किलोवॅट. २५ अँपियरला बचत सर्वांत जास्त, फेजला २५०० वॅट. ५० अँपियरला ती शून्यावर येते. ६० हलवलेस तर फेजला २४०० वॅटचा उलट भुर्दंड. फरक भागिले रेझिस्टन्स हा सर्वांत किफायतशीर प्रवाह, आणि त्याच्या दुपटीपुढे नुकसान, हे एवढं पाठ ठेव. आणखी एक मेख आहे. सूत्रातला ड्रॉप फक्त रेझिस्टन्सवरचा असतो. मीटरवर दिसणारा व्होल्टेजचा फरक त्यात घातलास तर रिअॅक्टन्सवरचा ड्रॉपही मिसळतो आणि चिन्हसुद्धा उलटू शकतं.

दुसरा ठोकताळा मर्लिन आणि बॅक यांचा, १९७५ चा, शिरमोहम्मदी आणि हाँग यांनी १९८९ मध्ये सुधारलेला. सगळे टाय जोडून टाक, जाळीचा लोड फ्लो कर, सर्वांत कमी प्रवाहाची शाखा उघड, पुन्हा लोड फ्लो, पुन्हा उघड. पाच फेऱ्यांत काम आटोपतं. ३३ बसवर तो सर्वोत्तम रचनेतल्या ९ नंबरच्या शाखेऐवजी १० उघडून थांबतो, आणि खऱ्या सर्वोत्तमापासूनचा फरक एका किलोवॅटहून कमी राहतो. मोजक्या लोड फ्लोंत इतकं जवळ पोचता येतं, हे नीट मुरू दे. मग हजारो लोड फ्लो करणाऱ्या पद्धतीकडून काय अपेक्षा धरायची ते कळेल.

सर्वोत्तम उत्तर आहे ७, ९, १४, ३२, ३७ उघड्या, लॉस १३९.५५ किलोवॅट, किमान व्होल्टेज ०.९३७८. पण ७, ९, १४, २८, ३२ ही रचनाही बघ: लॉस १३९.९८, किमान व्होल्टेज ०.९४१३. मला विचारशील तर मी दुसरी घेईन. अर्ध्या किलोवॅटहून कमी किंमत देऊन टोकाच्या घरातला पंखा जरा बरा फिरतो. फक्त लॉस कमी करायला सांगितलेला अल्गोरिदम हा पर्याय तुझ्यासमोर आणणारच नाही, म्हणून पहिली दहा उत्तरं जपून ठेव, एकच नको. व्होल्टेजची मर्यादाही विचार करून घाल. आपल्याकडे ११ केव्हीला वर ६ आणि खाली ९ टक्के ही मर्यादा रूढ आहे, म्हणजे १०.०१ ते ११.६६ केव्ही. कुठल्याशा पेपरातली ०.९५ ची अट उचलून आणलीस तर वरची दोन्ही उत्तरं बाद होतील. मर्यादा मोडणाऱ्यांना मनाला येईल तेवढा दंड लावण्यापेक्षा कल्याणमय देब यांचा २००० सालचा नियम वापर: नियमात बसणारा पर्याय न बसणाऱ्याला नेहमी हरवतो, दोन्ही न बसणारे असतील तर कमी मोडणारा जिंकतो. दंडाचा आकडा ठरवत बसायची कटकटच संपते.

आता तुझा प्रश्न. ४० चा समूह, ५० पिढ्या, प्रत्येक जागेला ५ टक्के म्यूटेशन (आपसूक होणारा बदल), एवढ्यावर जेनेटिक अल्गोरिदम सुरू कर. जॉन होलंड यांच्यापासूनची पद्धत आहे, तिचे गुणदोष सगळ्यांना माहीत आहेत, चुकलं तर का चुकलं ते शोधता येतं. प्राण्यांच्या नावांच्या मागे लागू नकोस. नाव काढून नुसती समीकरणं वाच, बऱ्याचदा आत ओळखीचंच काहीतरी निघतं. आधी तपासलेली रचना डिक्शनरीत ठेव, कारण शेवटच्या पिढ्यांत तीच गुणसूत्रं पुनःपुन्हा येतात. वेगवेगळ्या सीडने (यादृच्छिक आकड्यांच्या सुरुवातीने) ३० वेळा चालव आणि सर्वोत्तम, सर्वांत वाईट, सरासरी व प्रमाण विचलन ही चारही लिही. पद्धतींची तुलना पिढ्यांवर करू नकोस, किती लोड फ्लो लागले त्यावर कर. आणि ३३ बसवर तुला पळवाट नाही: ५०,७५१ रचना साध्या लॅपटॉपवरही एकूण एक तपासता येतात.

गोव्यातल्या खऱ्या फिडरवर आलास की अडचणी निराळ्या. पहिली, कंडक्टर. नकाशावर सगळीकडे एकच नाव असतं, खांबांवर मात्र वीझल, रॅबिट, डॉग असे तुकडे जोडलेले सापडतात. किलोमीटरला अंदाजे ०.९३, ०.५५ आणि ०.२८ ओहम, तेही २० अंशांना. अॅल्युमिनियमची तार ७५ अंशांवर गेली की रेझिस्टन्स २२ टक्क्यांनी वाढतो. लाईन पायी चाल, खांब मोज, तुकडा कुठे बदलतो ते लिही. किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने गंजलेले जॉइंट कुठल्याच तक्त्यात नसतात.

दुसरी, लोड. फिडरचा पीक (सर्वोच्च लोड) ट्रान्सफॉर्मरांच्या केव्हीएच्या प्रमाणात वाटून देणं सोपं आहे, पण किनाऱ्यावरच्या हॉटेलचा ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर जुलैत आणि डिसेंबरात सारखाच भरलेला कसा धरणार? चवथीच्या आठवड्यातले आकडे वेगळे काढ. तेव्हा कारखाने थंड असतात आणि गावातली मूळ घरं माणसांनी भरलेली. एका पीकवर रचना ठरवू नकोस, निदान चार स्थिती घे: पावसाळी रात्र, पावसाळी दुपार, डिसेंबरची रात्र, मेची दुपार.

वर्षाची बचत काढतानाही हेच भान हवं. २०२.६७ वरून १३९.५५, म्हणजे पीकला ६३.१२ किलोवॅट. त्याला ८७६० तासांनी गुणलं की साडेपाच लाख युनिट दिसतात, पण लोड वर्षभर पीकवर नसतो. लोड फॅक्टर (सरासरी लोड भागिले पीक) ०.६ धर. लॉस फॅक्टर (सरासरी लॉस भागिले पीकचा लॉस) ०.३ × ०.६ अधिक ०.७ × ०.३६, म्हणजे ०.४३२, आणि बचत सुमारे २ लाख ३९ हजार युनिट. रिपोर्टात हाच आकडा घाल.

तिसरी, स्विच. मूळ रचनेवरून सर्वोत्तमावर जायला ३३, ३४, ३५, ३६ जोडायचे आणि ७, ९, १४, ३२ उघडायचे, एकूण आठ कामं. साधा एबी स्विच (हवेत उघडणारा, खांबावरचा) चालू लोडवर उघडायचा नसतो, आर्क धरतो. जिथे आरएमयू (रिंग मेन युनिट) किंवा लोड तोडू शकणारा स्विच आहे तेवढीच ठिकाणं अल्गोरिदमला दे. वीज न घालवता लोड हलवायचा तर आधी टाय जोडून मगच शाखा उघडावी लागते, आणि तेवढा वेळ दोन फिडर समांतर चालतात. टायच्या दोन टोकांत फेजला ३०० व्होल्टचा फरक आणि लूपचा इम्पीडन्स (एकूण विरोध) ५ ओहम असला, तर जोडताक्षणी ६० अँपियर नुसते लूपमध्ये फिरतील. लोडचा प्रवाह वेगळाच. रिलेचं (जास्त प्रवाह दिसताच फिडर तोडायला लावणाऱ्या यंत्राचं) सेटिंग बघितल्याशिवाय असा क्रम कागदावरही लिहू नकोस. भर पावसात, झावळ्या पडत असताना, त्या हँडलपाशी एक माणूस उभा असणार आहे.

म्हणून आठ कामं एकदम सुचवण्याऐवजी एकेक जोडी करून दर पायरीचा लॉस लिही. पहिल्या दोन जोड्यांतच बराचसा फायदा पदरात पडत असेल, तर पुढच्या दोन जोड्यांचा आग्रह धरायचा का, हे आकडे समोर ठेवून ठरवता येईल.

पुढच्या पत्रासोबत तीन गोष्टी पाठव: मूळ रचनेच्या ३३ व्होल्टेजचा तक्ता, हाताने सोडवलेला तो ५ × ५ डिटरमिनंट, आणि सगळ्या रेडियल रचनांतल्या सर्वांत कमी लॉसच्या पहिल्या दहा.

तुझा हितचिंतक