प्रश्न तुमचे: प्रोजेक्टरचा उजेड, मेलची चावी

हॉल 12 बाय 10 फुटांचा आहे, बजेट 20 हजार. रात्री सिनेमे आणि सुटीच्या दुपारी क्रिकेट बघायचं आहे. ऑनलाइन 8 हजारांत 9000 ल्युमेनचा, ‘4के सपोर्ट’वाला प्रोजेक्टर दिसतो. घ्यावा का? – एक वाचक, सातारा

घेऊ नका. ल्युमेन हे उजेड मोजायचं एकक. खोक्यावरचे 9000 ल्युमेन म्हणजे आतल्या दिव्याचा उजेड, तोही फुगवून सांगितलेला. भिंतीवर किती पडतो ते ‘अ‍ॅन्सी ल्युमेन’ किंवा ‘आयएसओ ल्युमेन’ या आकड्यावरून कळतं. तो छापलेला नसेल तर ते मॉडेल यादीतून काढा.

हिशेब साधा आहे. 100 इंची चित्र साधारण 7 फूट 3 इंच रुंद आणि 4 फूट 1 इंच उंच असतं, म्हणजे जवळपास 30 चौरस फूट. पूर्ण अंधारात दर चौरस फुटाला 16 ल्युमेनच्या आसपास उजेड पडला की सिनेमा छान दिसतो. म्हणजे खरे 500 अ‍ॅन्सी ल्युमेन हवेत. चित्र 80 इंचांवर आणलंत तर क्षेत्रफळ 19 चौरस फुटांवर येतं आणि तेवढ्याच उजेडात दर चौरस फुटाला 26 ल्युमेन मिळतात. तुमच्या हॉलसाठी आम्ही 80 इंचच सुचवू.

दुपारच्या क्रिकेटचं मात्र स्पष्ट सांगतो: पडदे ओढले तरी फटींतून येणारा उजेड चित्रातला काळा रंग धुऊन टाकतो. त्यासाठी दोन-तीन हजार अ‍ॅन्सी ल्युमेन लागतात आणि ते 20 हजारांत बसत नाहीत. दिवसाच जास्त बघणार असाल तर त्याच पैशांत टीव्ही घ्या.

दुसरा आकडा ‘थ्रो रेशो’चा. भिंतीपासून लेन्सपर्यंतच्या अंतराला चित्राच्या रुंदीने भागलं की तो मिळतो. रेशो 1.2 असेल तर 80 इंचांसाठी लेन्स भिंतीपासून 7 फुटांवर हवी, 1.5 असेल तर पावणेनऊ फुटांवर. 100 इंच आणि 1.5 हे गणित मांडलंत तर जवळजवळ 11 फूट लागतात. मागे यंत्राची खोली, वायर आणि हवेसाठी मोकळी जागा धरली तर 12 फुटांच्या हॉलमध्ये ते कसंबसं बसेल. म्हणून आधी टेप घ्या, ऑर्डर नंतर.

‘4के सपोर्ट’ म्हणजे 4के फाइल आत घेतो, एवढंच. दाखवतो स्वतःच्या पॅनलइतकं; पॅनल म्हणजे ठिपक्यांनी चित्र घडवणारा आतला भाग. ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ (पॅनलवर ठिपके किती ते) 1920 बाय 1080 लिहिलेलं हवं. स्वस्तात बहुधा 1280 बाय 720 असतं, कधी 800 बाय 480 सुद्धा. दुकानात बघायला मिळालं तर सिनेमाचा ट्रेलर लावू देऊ नका, बारीक अक्षरांचं वर्तमानपत्राचं पान लावायला सांगा. मध्ये अक्षरं स्पष्ट आणि चारही कोपऱ्यांत त्यांना दुहेरी कड आलेली दिसली, तर लेन्स हलक्या दर्जाची आहे; फोकस फिरवून ते जात नाही. मग पूर्ण काळं पान लावा. राखाडी गोल डाग दिसला तर आतल्या पॅनलवर धूळ बसली आहे. उघड्या रचनेच्या एलसीडी मॉडेलांत हे वर्षभरातही होतं, म्हणून ‘सील्ड ऑप्टिकल इंजिन’ (लेन्स आणि पॅनल बंद कप्प्यात) असलेलं घ्या.

प्रोजेक्टर चित्राच्या मध्यासमोर सरळ ठेवा. तिरका ठेवून ‘कीस्टोन’ने चित्र चौकोनी केलं की पॅनलचे काही पिक्सेल वाया जातात आणि अक्षरं मऊ पडतात. भिंतीला मॅट पांढरा रंग पुरतो, चमकदार रंग नको: मधोमध दिव्याचा झगझगीत ठिपका दिसतो.

ब्लूटूथ स्पीकर जोडला की ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. – एक वाचक, नांदेड

ब्लूटूथमध्ये आवाज पॅक होऊन जातो आणि पलीकडे उलगडतो, त्यात वेळ जातो. 3.5 मिमी ऑडिओ वायर लावा, प्रश्न तिथेच संपतो. साउंडबार असेल आणि प्रोजेक्टरला ‘एआरसी’ लिहिलेलं (म्हणजे त्याच वायरने आवाज साउंडबारकडे पाठवणारं) एचडीएमआय पोर्ट असेल तर ते वापरा.

प्रोजेक्टरमध्येच अँड्रॉइड आहे. नेटफ्लिक्स अंधुक दिसतं, मध्येच बंद पडतं. चालू करताना तो गूगल अकाउंट मागतो. माझं रोजचं जीमेल टाकू का? – एक वाचक, ठाणे

रोजचं जीमेल त्यात अजिबात टाकू नका. त्याच मेलवर तुमच्या बँकेची स्टेटमेंट येतात आणि बाकीच्या अकाउंटचे पासवर्ड बदलायच्या लिंकही येतात. अनोळखी कंपनीच्या स्वस्त अँड्रॉइड यंत्रांना सुरक्षेचे अपडेट बहुधा मिळतच नाहीत. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स 2.0’ या चोरांच्या ताब्यातल्या यंत्रांच्या जाळ्याबद्दल इशारा दिला, त्यात टीव्ही बॉक्सबरोबर प्रोजेक्टरचंही नाव होतं. काही यंत्रांत घातक सॉफ्टवेअर विक्रीआधीच भरलेलं होतं, काहींत सेटअप करताना उतरवलेल्या अ‍ॅपमधून शिरलं.

अंधुक चित्राचं कारण वेगळं. प्रमाणपत्र नसलेल्या यंत्राला ओटीटी कंपन्या एचडी चित्र देत नाहीत, 480 ओळींवर अडवतात. नावाजलेल्या कंपनीची स्ट्रीमिंग स्टिक (ओटीटी चालवणारी छोटी कांडी) घ्या, एचडीएमआयला लावा आणि प्रोजेक्टरचं वाय-फाय बंदच ठेवा. दोन्ही दुखणी एकदम जातात. स्टिकला वीज तिच्याच अडॅप्टरवरून द्या. प्रोजेक्टरच्या यूएसबी पोर्टमधून करंट कमी पडला की ती पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होते. स्टिकसाठीही वेगळं जीमेल उघडा, त्याला ना बँक जोडलेली असावी ना कार्ड. राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ (घरच्या वाय-फायपासून वेगळं पाहुण्यांचं वाय-फाय) असेल तर स्टिक त्यावर ठेवा.

वडिलांना ओळखीच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लग्नपत्रिका’ आली. उघडली आणि अर्ध्या तासात खात्यातून दोनदा पैसे गेले. पिन कुणालाच सांगितला नव्हता. आता काय? – एक वाचक, जळगाव

फाइलच्या नावाच्या शेवटी ‘.एपीके’ असणार, म्हणजे पत्रिका नव्हे, अ‍ॅप. ते बसलं की एसएमएस वाचायची आणि पाठवायची परवानगी मागतं. ती मिळाली की ओटीपी परस्पर चोराकडे जातात, आणि दुसऱ्या फोनवर यूपीआय सुरू करायला लागणारा एसएमएसही तुमच्याच सिमवरून पाठवता येतो. कार्डाचे आकडे बरेचदा अ‍ॅपमधल्या खोट्या फॉर्ममधून घेतले जातात. वडिलांना बोल लावू नका. ओळखीचं नाव दिसल्यावर कुणीही उघडेल.

फोन फ्लाइट मोडवर टाका, वाय-फाय बंद आहे ना ते वेगळं बघा. दुसऱ्या फोनवरून डेबिट कार्डाच्या मागच्या नंबरवर बँकेला फोन करून यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड, तिन्ही थांबवा. लगेच 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी तिथे गोठवता आले तरच परत मिळायची आशा असते, म्हणून इथे मिनिटं मोजायची. हाताशी व्यवहाराचा 12 आकडी यूपीआय क्रमांक, वेळ आणि रक्कम ठेवा. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि तिचा क्रमांक घालून बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं असतं, तेव्हा कळवल्याची वेळ कागदावर हवीच.

मेसेज पुसू नका, पुरावा आहे. दुसऱ्या फोनने त्याचे फोटो काढा. मग फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन नव्यासारखा कोरा करा. नुसतं अ‍ॅप काढणं पुरत नाही, कारण अशी अ‍ॅप आपलं चिन्हच लपवतात. रीसेटनंतर सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅपपुढची परवानगी बंद आहे ना ते बघा. ज्यांच्या नंबरवरून पत्रिका आली त्यांना फोन करून सांगा, त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप चोराच्या हातात असू शकतं.

पुढे वडिलांच्या यूपीआयला मुख्य बचत खातं जोडू नका. महिन्याच्या किराणा-दुधापुरते पैसे असलेलं दुसरं खातं जोडा आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये दिवसाची मर्यादा कमी करा. एक गोष्ट त्यांच्याकडून पाठ करून घ्या: पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही.

कुणीतरी माझं जीमेल उघडलं होतं. पासवर्ड बदलला, तरी बँकेच्या मेल इनबॉक्समध्ये येत नाहीत. – एक वाचक, मडगाव

चोराने जाताना फिल्टर लावून ठेवला असणार: बँकेचं नाव दिसलं की मेल पुसायची किंवा दुसरीकडे धाडायची. हे मोबाइल अ‍ॅपमध्ये दिसत नाही, कॉम्प्युटरवर जीमेल उघडा. दातेरी चाकाच्या चिन्हावरून ‘सी ऑल सेटिंग्ज’मध्ये जा. ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अ‍ॅड्रेसेस’मधल्या अनोळखी ओळी काढा, शेजारच्या ‘फॉरवर्डिंग’मध्ये परका पत्ता असेल तर तोही. पुसलेल्या मेल 30 दिवस ट्रॅशमध्ये असतात, तिथे बँकेच्या सापडतील.

मग गूगल अकाउंटच्या ‘सिक्युरिटी’ विभागात रिकव्हरीचा फोन आणि ईमेल तपासा. तिथे चोराचा नंबर राहिला तर तो उद्या पुन्हा आत येईल. त्यानंतर अनोळखी डिव्हाइस साइन आउट करा, तिऱ्हाईत अ‍ॅपना दिलेली परवानगी काढा, आणि पासवर्ड पुन्हा एकदा बदला. टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये एसएमएसऐवजी पासकी (बोटाच्या ठशाने किंवा फोनच्या लॉकने साइन इन) किंवा कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा. गूगल 10 बॅकअप कोड देतं, प्रत्येक 8 आकडी आणि एकदाच चालणारा. ते कागदावर लिहून रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवा, फोनच्या गॅलरीत नको.

जुना मोबाइल नंबर बंद पडून सहा महिने झाले. काही करायला हवं का? – एक वाचक, बेळगाव

आजच करा. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या माणसाला मिळू शकतो, आणि मग तुमचे ओटीपी त्याच्या फोनवर जातील. आधी ईमेलमधला रिकव्हरी नंबर बदला, मग बँकेतला, मग आधारमधला. बँकेसाठी शाखेत जावं लागू शकतं, पासबुक आणि आधार बरोबर न्या.