ऑईल बदलताना ड्रेन नटचा वॉशर दर वेळी बदलायलाच हवा का?

तुमची गाडी १२५ सीसीची, मेकॅनिक दर वेळी जुनाच वॉशर परत लावतो, "चालतंय की" म्हणतो, आणि गेल्या सर्व्हिसिंगनंतर ड्रेन नटाभोवती (इंजिनाच्या तळाचा, ऑईल काढायचा नट) ओल दिसतेय, असं तुम्ही लिहिलंय. मीही सोलापूरचाच, घरच्या गाड्यांचं ऑईल स्वतः बदलतो. अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर असेल तर माझं उत्तर सरळ आहे: हो, दर वेळी बदला. दोन चहांच्या पैशांत येणारी वस्तू आहे, आणि ती इंजिनाच्या तळाच्या ऑईल चेंबरचे आटे (नट फिरून बसतो त्या पेचदार खाचा) वाचवते.

आट्यांचा इथे काय संबंध, ते सांगतो. नटाचे आटे ऑईल अडवत नाहीत. आट्यांच्या फटीतून ऑईल वळसे घेत खाली येतंच, त्याला थोपवतो तो वॉशर. नटाची टोपी आणि चेंबरचा तळ डोळ्याला सपाट दिसले तरी दोन्हींवर बारीक चरे असतात. वॉशर मऊ धातूचा असल्यामुळे आवळताना दबतो आणि त्या चऱ्यांत भरतो. दबला की त्याच्यावर गोल खाच उमटते; जुना वॉशर नखाने चाचपून बघा, लगेच कळेल. तोच परत लावला तर ती खाच नेमकी आधीच्या जागी बसत नाही, आणि आता त्याच्यात दबायला पूर्वीइतकी जागाही उरलेली नसते.

मग पाझर सुरू होतो. गिऱ्हाईक तक्रार करतं, मेकॅनिक लांब पाना लावून नट अजून आवळतो. महिनाभर कोरडं राहतं. पुढच्या सर्व्हिसिंगला तोच वॉशर, आणि त्याहून जास्त जोर. नट पोलादाचा आणि चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे झीज कुणाची व्हायची हे ठरलेलंच आहे. एके दिवशी नट आवळतच नाही, नुसता फिरतो. मग चेंबरला टॅप मारून (नवे आटे पाडून) मोठा नट बसवा नाहीतर हेलिकॉइल (आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या, आणि त्या कामात धातूचा कीस इंजिनात जाऊ नये म्हणून जपा. होंडाच्या अनेक छोट्या इंजिनांत ड्रेन बोल्टला, म्हणजे याच नटाला, २४ ते ३० न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क (आवळायचा जोर) सांगितलेला असतो. लांब दांड्याच्या पान्यावर अंगाचा भार टाकला की हा आकडा कधी ओलांडला ते हाताला समजतही नाही. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघा, दुसऱ्या गाडीचा वापरू नका.

तांब्याचा वॉशर असेल तर थोडी सवलत आहे. तांबं दाबाने कडक होतं, पण मंद लाल होईपर्यंत तापवलं की पुन्हा मऊ पडतं. चिमट्यात धरून गॅसवर तापवायचा, पाण्यात टाकायचा, वरची काळी खपली बारीक पॉलिश पेपरने काढायची. पाण्यात टाकल्याने तांबं पोलादासारखं कडक होत नाही, ती भीती नको. अ‍ॅल्युमिनियमवर मात्र हा प्रयोग करू नका. ते लाल न होताच ६६० अंशांना वितळतं, कधी थांबायचं ते दिसतच नाही. आणि वॉशर वाकडा झाला असेल किंवा त्याला खोल चरा पडला असेल, तर तांब्याचा असला तरी फेकून द्या.

काही गाड्यांना तळाशी साध्या नटाऐवजी जाळी आणि स्प्रिंग असलेलं झाकण असतं. तिथे वॉशरच्या जागी रबराची ओ-रिंग असते. ती चपटी किंवा कडक झाली की बदलायची.

वॉशर मिळाला नाही म्हणून टेफलॉन टेप गुंडाळू नका, सिलिकॉनही लावू नका. त्याचे तुकडे आत सुटले तर ऑईलच्या जाळीत जाऊन अडकतात. हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी वॉशरही नको, तो दबत नाही.

बसवताना दोन गोष्टी जपा. जुना वॉशर बऱ्याचदा चेंबरलाच चिकटून राहतो, आणि घाईत त्याच्यावर नवा चढतो. दोन वॉशर एकावर एक बसले की गळती हमखास. म्हणून बोटाने चाचपून बघा. दुसरं म्हणजे धूळ. आपल्याकडे रस्त्यावरची बारीक माती इंजिनाखाली थर धरून बसते, तिचा एक कण वॉशरखाली राहिला तरी पुरतो. नट काढण्याआधीच आजूबाजूचा भाग ब्रशने आणि फडक्याने साफ करा, नट काढल्यावर बसायची जागा पुन्हा पुसा. नट आधी हातानेच फिरवत आत न्या; तीन-चार आटे सहज गेले नाहीत तर तो तिरका लागलाय, बाहेर काढा. टॉर्क रेंच (जोर मोजणारा पाना) नसेल तर पाना आखूड धरा. वॉशर दबताना हाताला जाणवतं, आणि तो दबून नट घट्ट झाला की तिथेच थांबा.

आता तुमची ओल. तिथे आणखी आवळू नका, मेकॅनिकलाही आवळू देऊ नका. आधी जागा पुसून कोरडी करा, थोडी पावडर शिंपडा आणि गाडी थोडी फिरवून आणा. पावडर नटाभोवतीच ओली झाली तर वॉशरचंच काम. वरून ओघळ आलेला दिसला तर गळती दुसरीकडून आहे, उगाच नटाच्या मागे लागू नका. तोवर डिपस्टिकवर (ऑईलची लेव्हल दाखवणारी पट्टी) लेव्हल रोज बघा, कारण एवढ्या इंजिनात ऑईल जेमतेम लिटरभर असतं आणि मोटरसायकल असेल तर क्लच-गिअरही त्याच्यावरच चालतात. मागच्या टायरला ऑईल लागलेलं दिसलं तर गाडी काढूच नका. ऑईल नुकतंच बदललेलं असेल तर ते फेकायची गरज नाही. धुऊन वाळवलेल्या ट्रेमध्ये काढा, नवा वॉशर लावा, तेच ऑईल बारीक जाळीतून गाळून परत भरा आणि लेव्हल तपासा. वॉशर गाडीच्या मॉडेलचं नाव सांगूनच घ्या, नुसतं "बारा एमएमचा द्या" म्हणू नका. आतलं भोक जुळलं तरी बाहेरचा व्यास आणि जाडी वेगळी निघते. घेताना चार-पाच घेऊन डिकीत किंवा सीटखाली ठेवा आणि मेकॅनिकच्या हातात एक द्या. वॉशर समोर असला की बहुतेक मेकॅनिक तो लावतातच.